प्रकल्प नोंदी: मुक्त संशोधन भांडाराला व्यवस्थापनाची मंजुरी

४ जुलै

विद्यापीठातल्या संशोधकांचा प्रत्येक शोधनिबंध आणि प्रत्येक प्रबंध कोणालाही, कुठूनही, पैसे न मोजता वाचता यावा, यासाठी रिपॉझिटरी, म्हणजे संशोधनाचं ऑनलाइन भांडार, उभी करायची आहे. त्याकरता दोन गोष्टी हव्यात: विद्या परिषदेचा ठराव आणि व्यवस्थापन परिषदेची आवर्ती तरतूद.

सर्व्हर हा यातला सर्वांत सोपा भाग. भांडार चालवणाऱ्या प्रणालींपैकी ईप्रिंट्स २००० पासून आहे, डीस्पेस २००२ पासून. दोन्ही मुक्तस्रोत, दोन्ही विनाशुल्क. त्यामुळे आधी सर्व्हर उभा करून उद्घाटन उरकण्याचा मोह होतो, आणि दोन वर्षांनी पाहावं तर आत उद्घाटनाच्या दिवशी टाकलेलेच निबंध असतात. निबंध आपसूक येत नाहीत. ते यायला नियम लागतो, आणि नियम करण्याचा अधिकार व्यवस्थापनाकडे आहे. म्हणून आपला क्रम: आधी सद्यस्थितीची यादी, मग हक्कांचा प्रश्न, मग ठरावाचा मसुदा. चालू नमुना या सगळ्याच्या बरोबरीने, दाखवण्यापुरता.

व्यवस्थापनापुढे ठेवायचं टिपण दोन पानांचं. मागण्या पहिल्याच परिच्छेदात: एक नियम, दीड माणूस (शीर्षक, लेखक, वर्ष असा नोंदींचा तपशील, म्हणजे मेटाडेटा, भरणारा एक पूर्णवेळ ग्रंथपाल, एक अर्धवेळ तांत्रिक साहाय्यक) आणि एक आवर्ती लेखाशीर्ष. ज्ञानाच्या लोकशाहीवरचा मजकूर मसुद्यातून काढला. तो खरा आहे, पण व्यवस्थापनाला त्यावर सही करता येत नाही.

९ जुलै

कुलसचिव कार्यालयाशी पहिली अनौपचारिक चर्चा. पहिलाच प्रश्न: "ओपन ॲक्सेस म्हणजे लेखकाने जर्नलला पैसे भरायचे, तेच ना?" पुढच्या प्रत्येक बैठकीत हा प्रश्न येणार हे गृहीत धरून उत्तर टिपणात वरच घातलं.

ओपन ॲक्सेसच्या, म्हणजे खुल्या उपलब्धतेच्या, बुडापेस्ट जाहीरनाम्याने १४ फेब्रुवारी २००२ रोजीच दोन वाटा वेगळ्या सांगितल्या आहेत. एक, जर्नलच खुलं असणं. त्यातली काही जर्नलं लेखकाकडून शुल्क घेतात, काही घेत नाहीत. दुसरी, लेखकाने आपली प्रत खुल्या भांडारात ठेवणं. इथे कोणीच कोणाला शुल्क देत नाही. भौतिकशास्त्रातले लोक १९९१ पासून आरकाइव्ह या खुल्या भांडारावर हेच करत आले आहेत. आपली मागणी फक्त दुसऱ्या वाटेची आहे.

दुसरा गोंधळ प्रतींचा. निबंधाच्या तीन प्रती असतात: जर्नलला प्रथम पाठवलेली, परीक्षकांच्या सूचनांनुसार दुरुस्त होऊन स्वीकारली गेलेली, आणि प्रकाशकाने मांडणी करून, पानक्रमांक घालून छापलेली. मजकूर दुसरीत आणि तिसरीत जवळपास सारखाच असतो. बहुतेक मोठे प्रकाशक दुसरी, म्हणजे स्वीकृत प्रत, काही अटींवर भांडारात ठेवू देतात. तिसरी सहसा देत नाहीत. हे तोंडी सांगून कोणाच्याही ध्यानात राहत नाही. एकाच निबंधाच्या तिन्ही प्रतींची पहिली पानं शेजारी शेजारी छापून सहपत्र १ केलं. स्वीकृत प्रत साध्या वर्ड फाइलीसारखी दिसते, प्रकाशकाच्या प्रतीवर लोगो आणि खंड-अंक असतात. एका नजरेत कळतं.

विषयाचं शीर्षकही बदललं: "विद्यापीठाच्या संशोधनाची कायमस्वरूपी नोंद व खुली उपलब्धता". विषयपत्रिकेवर "ओपन ॲक्सेस" एवढंच लिहिलं की विषय खर्चाचा वाटतो आणि मागे पडतो.

१५ जुलै

सद्यस्थितीची यादी. "आपण गेल्या वर्षी किती शोधनिबंध प्रसिद्ध केले?" या प्रश्नाला तीन ठिकाणांहून तीन उत्तरं आली: वार्षिक अहवाल, विभागांनी पाठवलेल्या याद्या आणि बाहेरचे डेटाबेस. एकही संख्या दुसरीशी जुळत नाही.

जुळवण्याची पद्धत लिहून ठेवत आहोत, कारण हे काम दरवर्षी करावं लागेल.

ओपनॲलेक्स या शोधनिबंधांच्या खुल्या डेटाबेसमधून विद्यापीठाच्या आरओआर (संशोधन संस्थांना मिळणाऱ्या) ओळखक्रमांकावर यादी काढायची. क्रॉसरेफ या डीओआय नोंदवणाऱ्या संस्थेच्या यादीतून विद्यापीठाच्या नावाने दुसरी. तिसरी विभागांची. तिन्ही एका तक्त्यात आणून डीओआयवर, म्हणजे निबंधाच्या कायमच्या ओळखक्रमांकावर, दुबार नोंदी काढायच्या. डीओआयमध्ये लहान-मोठ्या लिपीचा फरक धरत नाहीत, पण स्प्रेडशीटची बिनचूक तुलना तो धरते; म्हणून आधी सगळी अक्षरं लहान करायची, सुरुवातीचा वेबपत्ता काढून टाकायचा आणि शेवटी चिकटलेला पूर्णविराम पुसायचा. हे न करता तुलना केली तर एकच निबंध तीनदा मोजला जातो.

यानंतरही उरतात ते डीओआय नसलेले निबंध: भाषा, इतिहास, कायदा, प्रादेशिक भाषांमधली नियतकालिकं. बाहेरच्या डेटाबेसांना ते दिसतच नाहीत. ते हातानेच भरावे लागतात. मानव्यविद्येचे विभाग या प्रकल्पाकडे संशयाने पाहतात, पण त्यांना यातून सर्वांत जास्त मिळणार आहे: त्यांचं काम पहिल्यांदाच संस्थेच्या यादीत येईल.

तीन न जुळणाऱ्या संख्या टिपणाच्या दुसऱ्या परिच्छेदात जशाच्या तशा घेतल्या. आतापर्यंत मांडलेल्या मुद्द्यांत व्यवस्थापनाने मान वर करून ऐकलेला हा पहिला. मानांकन असो, मूल्यांकन समिती असो, निधी देणारी संस्था असो, प्रत्येक जण हाच आकडा मागतो आणि दर वेळी तो नव्याने गोळा होतो.

१८ जुलै

विद्यापीठाच्या आवारात बसून पाहिलं तर जवळपास सगळंच वाचता येतं, कारण वर्गणी भरलेल्या प्रकाशकांची दारं आवारातल्या आयपी पत्त्यांना आपोआप उघडतात. त्यामुळे "आपले निबंध तर नेटवर आहेतच" असा समज घट्ट झाला आहे.

तो मोडण्याचा उपाय सोपा. कुलगुरूंच्या स्वतःच्या निबंधांतून दहा निवडले. बैठकीत वायफाय बंद, व्हीपीएन बंद, फोनचा मोबाइल डेटा सुरू, आणि एकेक दुवा त्यांच्याच फोनवर उघडायचा. भाषणाची गरज पडत नाही. मात्र आदल्या दिवशी प्रत्येक दुवा अनपेवॉलवर (निबंध खुला आहे का ते सांगणाऱ्या सेवेवर) तपासून घ्यायचा. दहापैकी आधीच खुले असलेले तसे आहेत हे आपणच आधी सांगायचं.

२४ जुलै

विधी अधिकाऱ्यांसोबत दोन तास. प्रकल्प अडला तर तो पैशावर नाही, इथे अडेल. त्यांचा आक्षेप रास्त आहे: लेखकाने प्रकाशकाशी करार करून हक्क दिले असतील, तर विद्यापीठ ती प्रत कोणत्या अधिकाराने ठेवतं?

उत्तराचे तीन थर मांडले.

पहिला, प्रकाशकाची परवानगी. प्रत्येक जर्नलचं धोरण शेर्पा रोमिओ या ऑनलाइन सेवेत पाहता येतं. आता त्या सेवेचं नाव ओपन पॉलिसी फाइंडर. तिथे चार गोष्टी वाचायच्या: कोणती प्रत, कुठे (स्वतःचं संकेतस्थळ की संस्थेचं भांडार, दोन्हींच्या अटी वेगळ्या असू शकतात), किती महिन्यांनी, आणि सोबत कोणतं वाक्य लिहायचं. नमुन्याला ४० जर्नलं तपासली. सरावाने एका जर्नलला दहा मिनिटं पुरतात, आणि जर्नल पुन्हा आलं की जुनी नोंद वापरता येते. फक्त वर्षातून एकदा धोरण बदललं का ते पाहायचं.

दुसरा, ठेवणं आणि उघडणं यांची फारकत. निबंध स्वीकारला गेला की लगेच जमा करायचा. खुला मात्र एम्बार्गो, म्हणजे फाइल बंद ठेवण्याची ठरलेली मुदत, संपल्यावरच होईल. तोवर शीर्षक, लेखक, सारांश सगळ्यांना दिसतात आणि फाइल बंद राहते. फाइल बंद असताना "प्रत मागवा" हे बटण असतं; वाचक विनंती करतो, लेखक स्वतः ती मान्य करतो. या रचनेत जमा करायला एम्बार्गोची आडकाठी उरतच नाही. विधी अधिकाऱ्यांची भूमिका इथे मवाळ झाली, कारण ठेवणं ही विद्यापीठाची अंतर्गत नोंद आहे, प्रसिद्धी नव्हे.

तिसरा, हक्क आधीच राखून ठेवणं. हार्वर्डच्या कला व विज्ञान विद्याशाखेने १२ फेब्रुवारी २००८ रोजी असा ठराव केला की, प्राध्यापक आपल्या निबंधांचा अनन्य नसलेला (म्हणजे इतरांनाही देता येणारा) परवाना विद्यापीठाला आधीच देतात, प्रकाशकाशी करार त्यानंतर होतो. आणि एखाद्याला नको असेल तर त्या निबंधापुरती सूट मागितली की मिळते. ही वाट सर्वांत भक्कम, पण पहिल्याच ठरावात ती घालायचा आग्रह धरू नये असं आमचं मत. नोकरीच्या अटी आणि लेखकाचे हक्क यांवर वाद सुरू झाला की बाकी सगळं बाजूला पडतं. दुसऱ्या वर्षाच्या कामात टाकलं.

काढून टाकण्याची कार्यपद्धती त्यांनी लेखी मागितली आणि बरोबरच मागितली. अशी ठरली: तक्रार आली की एका कामाच्या दिवसात फाइल बंद, पाच दिवसांत हक्कांची तपासणी, मग निर्णय. डीस्पेसमध्ये "मागे घेणे" आणि "पुसणे" अशा दोन क्रिया आहेत. नेहमी पहिलीच वापरायची. पुसलं की कायमचा दुवाही मरतो आणि ज्याने तो उद्धृत केला त्याच्या हाती काही उरत नाही. मागे घेतलं तर तिथे "ही नोंद मागे घेतली आहे" एवढं तरी दिसतं.

३१ जुलै

ठरावाचा मसुदा. एक पान, सहा कलमं. पाच कलमांवर फार चर्चा नको. सहावं सांभाळायचं.

ऐच्छिक रिपॉझिटरी चालत नाही, हे इतरांनी वर्षं घालवून शिकलेलं आहे. वैद्यकीय संशोधनाला निधी देणाऱ्या अमेरिकेच्या एनआयएचने २००५ मध्ये संशोधकांना प्रती जमा करण्याची विनंती केली; प्रतिसाद इतका अल्प होता की एप्रिल २००८ पासून ती सक्ती करावी लागली. १ जुलै २०२५ पासून तर त्यांनी प्रत बारा महिने बंद ठेवण्याची मुभाही काढून टाकली. विरोध असतो म्हणून लोक जमा करत नाहीत, असंही नाही. ॲल्मा स्वॉन आणि शेरिडन ब्राउन यांच्या २००५ च्या सर्वेक्षणात ८१ टक्के संशोधक म्हणाले की संस्थेने सांगितलं तर आनंदाने करू. करणारच नाही म्हणणारे ५ टक्के. म्हणजे लोक सांगण्याची वाट पाहत असतात.

ते सांगायचं कसं, यासाठी बेल्जियममधल्या लिएज विद्यापीठाचा दाखला घेतला. तिथे कुलगुरू बर्नार्ड रेन्टिए यांच्या काळात, २००८ मध्ये, ऑर्बी हे भांडार सुरू झालं आणि नियम असा: पदोन्नती किंवा अंतर्गत मूल्यमापनासाठी ऑर्बीत जमा केलेलंच संशोधन विचारात घेतलं जाईल. दंड नाही, तपासणी पथक नाही. हाच नियम आमचं सहावं कलम:

"अंतर्गत मूल्यमापन, पदोन्नती व संशोधन अनुदान यांसाठी शोधनिबंधांची यादी केवळ विद्यापीठाच्या संशोधन भांडारातूनच घेतली जाईल."

या एका वाक्यावर सगळा प्रकल्प उभा आहे. हे गेलं तर बाकीचा ठराव शुभेच्छापत्र आहे.

५ ऑगस्ट

नमुना डीस्पेसवर. सगळं एकाच यंत्रावर बसवायचं तर ८ जीबी रॅम ही खालची मर्यादा. १६ मागून घेतली. सोलर (शोधयंत्रणा), पोस्टग्रेस (डेटाबेस), बॅकएंड आणि नोडवर चालणारं दर्शनी पान हे चारही एकत्र श्वास घेतात. ८ वर शोध-अनुक्रमणिका पुन्हा बांधताना पान अडकतं, आणि ते नेमकं बैठकीत अडकलं तर निकाल लागला.

पहिली नोंद टाकण्याआधी हँडलचा, म्हणजे प्रत्येक नोंदीला मिळणाऱ्या कायमच्या दुव्याचा, उपसर्ग बदलायचा. डीस्पेसचा मूळ उपसर्ग १२३४५६७८९ हा असतो. तो तसाच ठेवला तर प्रत्येक निबंधाला "कायमचा" म्हणून मिळालेला दुवा हँडलच्या जागतिक यंत्रणेतून कुठेच पोचत नाही. उघड्या डोळ्यांनी पाहिलं तर आजही कित्येक भांडारांच्या पत्त्यांत हा आकडा दिसतो. क्रम: आधी उपसर्गाची रीतसर नोंदणी, मग लोकल.सीएफजी या सेटिंगच्या फाइलीत बदल, मग नोंदी. उशीर झालाच तर अपडेट-हँडल-प्रीफिक्स ही आज्ञा आहे; त्यानंतर शोध-अनुक्रमणिका आणि ओएआयची (इतर यंत्रणांना नोंदी पुरवणाऱ्या भागाची) नोंद दोन्ही नव्याने बांधायच्या. मधल्या काळात कोणी जुना दुवा छापला असेल तर त्याला इलाज नाही.

गूगल स्कॉलरसाठी: पानाच्या हेड भागात शीर्षक, लेखक, तारीख आणि पीडीएफचा थेट पत्ता सांगणारे सायटेशन टॅग आहेत का ते पाहिलं, आहेत. शोधयंत्रांना काय वाचायचं नाही ते सांगणाऱ्या रोबोट्स फाइलमध्ये पीडीएफचा मार्ग अडवलेला नाही ना, हे वेगळं तपासलं. चाचणीच्या काळात सगळं अडवून ठेवायची सवय असते आणि ते काढायचं राहून जातं.

११ ऑगस्ट

नमुन्यात २०० निबंध, २० प्रबंध. निबंध डीओआयवरून आयात केले. शीर्षक, लेखक, जर्नल, वर्ष क्रॉसरेफमधून येतात. हाताने उरतं ते विभागाचं नाव, ऑर्किड (संशोधकाचा ओळखक्रमांक), प्रतीचा प्रकार आणि एम्बार्गोची तारीख.

प्रबंधांनी वेळ खाल्ला. जुने मराठी प्रबंध युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेले आहेत. पीडीएफ उघडली तर पान स्वच्छ देवनागरी दिसतं. मजकूर कॉपी करून दुसरीकडे चिकटवला की रोमन अक्षरं आणि चिन्हांचा खिचडा हाती येतो. कारण त्या फाँटांनी देवनागरीचे आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवले होते. शोधयंत्राला दिसतो तो हाच खिचडा. असा प्रबंध खुला आहे, पण शोधून सापडणार कधीच नाही.

उपाय: पानाच्या प्रतिमेतून मजकूर वाचणारं (ओसीआर) ओसीआरमायपीडीएफ, त्यासोबत टेसरॅक्टचं मराठी मॉडेल, आणि फोर्स-ओसीआर हा पर्याय. तो दिला नाही तर "यात मजकूर आहेच" म्हणून काम तिथेच थांबतं. दिला की आधीचा खोटा मजकूर टाकून पानाची प्रतिमा होते आणि पुन्हा वाचन होतं. जोडाक्षरं आणि तळटीपांत चुका राहतात, पण नाव, विषय, स्थळ सापडण्याइतकं वाचन नीट होतं. दुष्परिणाम: फाइल फुगते. गूगल स्कॉलर ५ एमबीपेक्षा मोठी पीडीएफ घेत नाही, म्हणून पूर्ण प्रबंधासोबत प्रकरणवार फाइलीही ठेवल्या.

इथेच आणखी एक सापडलं. प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणातला शब्द शोधला तर निकाल शून्य. डीस्पेस मूळ सेटिंगमध्ये फाइलीतली पहिली १,००,००० अक्षरंच मजकूर म्हणून काढतो आणि अनुक्रमणिकेतही तेवढीच घेतो. निबंधाला ती पुरतात, चारशे पानी प्रबंधाला नाही. मजकूर काढण्याची मर्यादा आणि सोलरची मर्यादा, दोन्ही वाढवून फिल्टर-मीडिया ही मजकूर काढणारी आज्ञा पुन्हा चालवली.

१९ ऑगस्ट

खर्चाचं पान. वर्षाला ६०० निबंध आणि १२० प्रबंध धरून.

निबंधाला सरासरी २ एमबी, प्रबंधाला ३०, वर्षाचे ४.८ जीबी, दहा वर्षांचे ४८. सगळ्या विद्यापीठाचं दहा वर्षांचं संशोधन एका पेनड्राइव्हवर मावतं. साठवणुकीच्या खर्चाची चर्चा या वाक्यावर संपते.

वेळ माणसांचा लागतो. निबंधाला नोंदीची १५ मिनिटं आणि हक्क तपासणीची १०: ६०० निबंधांना २५० तास. प्रबंधाला ४५ मिनिटं: ९० तास. चालू काम ३४० तासांचं. मागच्या पाच वर्षांचे ३,००० निबंध भरायचे तर आणखी १,२५० तास. बेरीज १,५९०, एका पूर्णवेळ माणसाचं साधारण एक वर्ष. जुने प्रबंध यात धरलेले नाहीत, त्यासाठी अर्धवेळ माणूस.

लेखाशीर्ष "प्रकल्प" या सदराखाली नको, "ग्रंथालय: आवर्ती" याखाली हवं. प्रकल्पाचा निधी संपतो आणि तीन वर्षांनी सर्व्हरचं प्रमाणपत्र नूतनीकरण करायला कोणी उरत नाही. वित्त व लेखा अधिकाऱ्यांना हे आधी भेटून सांगितलं. परिषदेत अचानक मागितलं तर पहिलं उत्तर नकाराचं येतं.

२६ ऑगस्ट

अधिष्ठात्यांची बैठक. आक्षेप आणि दिलेली उत्तरं:

पेटंट. प्रबंधातला शोध आधी खुला झाला तर पेटंटचा हक्क जाऊ शकतो. मान्य. मार्गदर्शकाच्या सहीने एम्बार्गो, आधी एक वर्ष, मग नूतनीकरण. बेमुदत एम्बार्गो नाही.

पुस्तकं. ठरावात नाहीत. फक्त नोंद, फाइल नको.

दर्जा. "कसलंही जर्नल आत येईल." भांडार परीक्षण करत नाही, जे आहे ते दाखवतं, आणि बनावट जर्नलात छापलेलं काम उजेडात आल्याने संस्थेचं भलंच होतं. हे शांतपणे सांगितलं, पण सगळ्यांना पटलं नाही.

शेवटी सहावं कलम. "केवळ" या शब्दावर हरकत. तडजोडीत वाक्य असं झालं: "मूल्यमापनात भांडारातील नोंदींना प्राधान्य देण्यात यावे." आम्ही संमती दिली नाही, इतिवृत्तात तशी नोंद करून घेतली. प्राधान्य म्हणजे काय, हे कोणालाच मोजता येत नाही.

२ सप्टेंबर

सादरीकरणातून "उद्धरणं वाढतात" हे पान काढलं. खुल्या निबंधांना उद्धरणं जास्त दिसतात असं सांगणारे अभ्यास आहेत, पण चांगले निबंधच आधी खुले केले जातात का, हा प्रश्न त्यांतल्या अनेकांत सुटलेला नाही. फिलिप डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये बीएमजे या वैद्यकीय जर्नलमध्ये छापलेल्या चाचणीत कोणते निबंध खुले करायचे हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं यादृच्छिक ठरवलं होतं. पहिल्या सहा महिन्यांत पूर्ण मजकूर ८९ टक्के जास्त उतरवला गेला. पहिल्या वर्षात उद्धरणांत फरक आढळला नाही. परिषदेत संख्याशास्त्राचे प्राध्यापक बसतात. वाचकसंख्येचं आश्वासन द्यायचं, तेवढंच पुरेसं आहे आणि ते पाळता येतं.

९ सप्टेंबर

बॅकअपमधून पुन्हा उभारणीची चाचणी. डीस्पेस फाइली ॲसेटस्टोअर नावाच्या फोल्डरात ठेवतो: दोन-दोन आकड्यांचे एकात एक फोल्डर आणि आत लांबलचक आकडा हेच फाइलीचं नाव. लेखक नाही, शीर्षक नाही, पीडीएफ हे शेपूटही नाही. कोणती फाइल कोणाची, हे फक्त डेटाबेसला ठाऊक. म्हणून एकाचा बॅकअप दुसऱ्याशिवाय निरुपयोगी.

पहिली चाचणी फसली: फाइलींची प्रत रात्री १ ला, डेटाबेसची ३ ला. मधल्या दोन तासांत टाकलेल्या नोंदी उघडल्या तर फाइल गायब. क्रम फिरवला: आधी डेटाबेस, मग लगेच फाइली. आता जास्तीची एखादी बिनमालकाची फाइल उरेल, पण नोंद रिकामी राहणार नाही. दुसरी चाचणी बरोबर. दर आठवड्याला चेकसम तपासणी (फाइल बिघडली का ते पाहणारी) लावली.

१६ सप्टेंबर

सहावं कलम परत आणायची वाट आस्थापना विभागात मिळाली. वार्षिक मूल्यमापनाच्या अर्जात प्रत्येक शिक्षक आपले निबंध हाताने टंकतो, त्याच्या छायाप्रती जोडतो आणि पुढच्या वर्षी तेच पुन्हा करतो. आस्थापनेतले लोक त्या छायाप्रती एकेक करून पडताळतात. दोघेही कंटाळलेले.

भांडारातून ऑर्किडनुसार यादी काढून अर्जाच्या त्याच नमुन्यात छापणारं छोटं साधन नमुन्यात जोडलं. पाच शिक्षकांच्या याद्या अर्जाच्या रचनेत काढून आस्थापना विभागाला दाखवल्या. ओएआय-पीएमएच या नोंदी पुरवण्याच्या ठरलेल्या पद्धतीने नोंदी घेतल्या, स्तंभ त्यांच्या क्रमाने, दुवे जोडलेले. छायाप्रतींची गरज नाही, कारण फाइल दुव्यामागेच आहे.

आता मागणी आमची राहिली नाही. "यादी भांडारातूनच घ्यावी, वेगळ्या छायाप्रती स्वीकारू नयेत" असा अभिप्राय आस्थापना विभागाने स्वतःच्या फाइलीवर लिहिला. मूळ कलमाचा अर्थ तोच, फक्त आता ते शिक्षकांचं टंकन वाचवणारं कलम आहे. हे आम्हाला जुलैमध्येच सुचायला हवं होतं.

२३ सप्टेंबर

विद्या परिषद. वीस मिनिटं. मोबाइल डेटावरची चाचणी केली: कुलगुरूंनी दहापैकी चार दुवे उघडून पाहिले आणि फोन शेजारच्या अधिष्ठात्यांकडे दिला.

ठराव मंजूर, दोन बदलांसह. नियम पुढच्या वर्षीच्या १ जानेवारीनंतर स्वीकारल्या गेलेल्या निबंधांना लागू. आधीचे निबंध भांडाराचे कर्मचारी भरतील. आणि अपवाद मागण्यासाठी एक पानी अर्ज. सहावं कलम "केवळ" या शब्दासह.

३० सप्टेंबर

व्यवस्थापन परिषद. पूर्णवेळ पद मंजूर, आवर्ती लेखाशीर्ष मंजूर. अर्धवेळ पद नाही. परिणाम: जुने प्रबंध एक वर्ष पुढे. जे विभाग स्वतः स्कॅन करून देतील त्यांचे आधी घेऊ. अट ३०० डीपीआय, करड्या छटेत, पानं सरळ.

६ ऑक्टोबर

परिपत्रकासोबत जाणारी एक पानी सूचना तयार. तिच्यात एकच कृती: निबंध स्वीकारल्याचं पत्र आलं की त्याच दिवशी ते पत्र आणि शेवटची वर्ड फाइल भांडाराच्या पत्त्यावर पाठवा. बाकी सगळं आम्ही करू. स्वीकृत प्रत सहा महिन्यांनी मागितली तर लेखकाकडे सापडत नाही. प्रकाशित पीडीएफ आली की लोक आधीची फाइल टाकून देतात. हरवली असेल तर जर्नलच्या सबमिशन प्रणालीत लेखकाच्या खात्यावर ती बऱ्याचदा मिळते, हेही सूचनेत लिहिलं.

"प्रत मागवा" चाचणीत एक दोष: विनंती मूळ सेटिंगनुसार नोंद टाकणाऱ्याला जाते. नोंद ग्रंथपाल टाकणार असल्याने सगळ्या विनंत्या ग्रंथालयात साचल्या असत्या. नोंदीतल्या लेखकाच्या ईमेलवर जाईल असं बदललं. ईमेल मेटाडेटात आहे, पण सार्वजनिक पानावर दिसत नाही, हे लॉगआउट करून तपासलं.

मासिक आकडेवारीत बॉट (आपोआप पानं उघडणारे प्रोग्रॅम) वगळूनच संख्या द्यायची. वगळण्याआधीच्या आणि नंतरच्या आकड्यांतलं अंतर मोठं असतं. मोठा आकडा एकदा अहवालात गेला आणि पुढच्या महिन्यात खाली आला तर त्याचं स्पष्टीकरण वर्षभर द्यावं लागेल.

उरलेलं: भांडारांच्या ओपनडोअर या सूचीत भांडाराची आणि धोरणांच्या रोअरमॅप या सूचीत ठरावाची नोंदणी, बेस आणि कोअर या खुल्या संशोधनाच्या शोधसेवांना ओएआयचा पत्ता. जानेवारीपूर्वी प्रत्येक शिक्षकाचा ऑर्किड गोळा करायचा आहे, कारण मूल्यमापनाची यादी त्यावरच निघते. यादी विभागनिहाय ग्रंथपालांकडे दिली, पहिली फेरी २० ऑक्टोबरपर्यंत.